करडी शीट

माझा थोरला भाऊ याप त्या वसंतात जाणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही होतं. जाण्याआधी त्याला एकच गोष्ट ऐकायची होती: आमच्या खनिज तेलाच्या कारखान्यातून करडी शीट कायमची गेली. बाकी कशाचीच त्याला पडली नव्हती. पाद्री घरी येऊन स्वर्गाबद्दल बोलला, तेव्हा यापने त्याला पेपरमिंट दिली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "डर्क, स्टोअरमध्ये अजून किती गठ्ठे आहेत?"

करडी म्हणजे ऍस्बेस्टॉसची. नळाला नळ जोडताना दोन लोखंडी फ्लँज, म्हणजे नळांच्या तोंडावरच्या बोल्टच्या कड्या, समोरासमोर येतात, त्यांच्यामध्ये जी चकती दाबून बसवतात ती गॅस्केट. ती नसेल तर वाफ बाहेर, तेल बाहेर, माणसं स्मशानात. नदीकाठच्या आमच्या त्या पसाऱ्यात अशा हजारो चकत्या होत्या आणि त्या कापायची खोली एकच. यापने अर्धं आयुष्य त्या खोलीत काढलं. शीट टेबलावर टाकायची, मापाने कापायची, कड घासायची आणि फू करून धूळ उडवायची. ती फुंकर त्याला महागात पडली. फुप्फुसाच्या भोवतीच्या पडद्याला गाठी झाल्या, पाणी भरू लागलं, आणि घरच्या जिन्यालाही नमवणारा माझा दांडगा भाऊ उशांच्या ढिगाला टेकून बसून राहिला. त्याच्यामागे खोली माझ्याकडे आली.

आता करड्या शीटबद्दल एक खरं सांगतो, ते लपवण्यात अर्थ नाही. गॅस्केट म्हणून ती फार गुणी होती. तापवा, भिजवा, वेडीवाकडी आवळा, फ्लँजवर ओरखडे असू देत, ती सगळं पोटात घालायची. फिटर मंडळींचं तिच्यावर प्रेम होतं आणि प्रेमात माणूस काय ऐकतो? मी मास्क लावून कापायला लागलो तेव्हा हेच लोक मला "डॉक्टर" म्हणून हाक मारायचे.

तिला हलवायचं तर तिच्या जागी काहीतरी ठेवायला हवं होतं, आणि तिथेच खरी गोम होती. तिच्यासारखं सगळीकडे चालणारं दुसरं काहीच नव्हतं. सगळा हिवाळा मी त्यात घालवला. कुठल्या नळात किती उष्णता, किती दाब, आतून काय वाहतंय, बाहेर हवा लागते का, ते बघत हिंडलो. सर्वांत तापलेल्या वाफेच्या नळांना काळी शीट, म्हणजे ग्रॅफाइट, आत पोलादी पत्रा घातलेली. ती उष्णतेला भीक घालत नाही. पण जिथे फार ताप आणि मोकळी हवा दोन्ही आहेत, तिथे ती हळूहळू जळून संपते, म्हणून भट्टीच्या धुराच्या नळांना अभ्रकाची. उरलेले मध्यम तापाचे वाफेचे नळ, आणि तेच सर्वांत जास्त, त्यांना हिरवी शीट. हिरवी म्हणजे नव्या धाग्यांची, रबराने बांधलेली. काळी सगळीकडे लावली असती तर मी सुखाने झोपलो असतो, पण ती महाग, नाजूक, आणि सीमेपलीकडून यायला महिना महिना लावणारी.

मॅकिलप आमचा मॅनेजर. वयाने माझ्याहून लहान, स्वभावाने वाईट नाही, पण दुधाने तोंड पोळल्यासारखा ताकसुद्धा फुंकून पिणारा. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुमच्या भावाबद्दल मला वाईट वाटतं, डर्क. पण उद्या एक जरी फुटली तर वरचे लोक मला विचारतील, जी चांगली चालत होती ती का काढली?"

"चांगली चालत होती ती माझ्या भावाच्या छातीत बसलीय."

"म्हणूनच तर हो म्हणतोय. वसंतात दुरुस्तीसाठी बंद असतो, त्यात वाफेच्या नळांची एक ओळ तुमच्या शीटांवर घ्या. टिकली तर करडी हलवू. फुटली तर विषय संपला. पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

रविवारी प्रार्थना आटोपून मी यापकडे गेलो आणि सांगितलं. मर्विन आधीच खुर्ची अडवून बसला होता. मर्विन म्हणजे आमच्या कारखान्यातला सगळ्यांत जुना फिटर आणि यापचा जिवाभावाचा दोस्त. हिवाळ्यात दोघं गोठलेल्या खाडीवर भोक पाडून दिवसभर पर्च मासे धरायचे आणि एकमेकांशी दहा वाक्यंही बोलायचे नाहीत. निवृत्तीला त्याचं थोडंच राहिलं होतं. माझी वहिनी नेली वाटाण्याचं सूप वाढत होती.

"हिरवी शीट!" मर्विन म्हणाला. "अरे, पुठ्ठा आहे तो. माझ्या बायकोने त्यात केक बांधून दिला होता."

"तुला काय कळतंय? तू अजून जुन्या रेडिओला व्हॉल्व्ह शोधतोस."

"व्हॉल्व्हचा रेडिओ चालतो, राजा. तुझी शीट चालेल का ते सांग."

याप हसला आणि हसण्याने त्याला खोकला लागला. नेलीने त्याची पाठ धरली. खोकला थांबल्यावर त्याने मर्विनकडे बोट केलं. बोलायला त्याला दम जमवावा लागायचा.

"मर्व, थट्टा पुरे. याची शीट टिकायला हवी. तू बघ."

मर्विनचा चेहरा एकदम उतरला. "बघतो की. माझ्या हाताखालून एकही गळणार नाही. शब्द देतो तुला."

"मला बघायचंय. म्हणजे ऐकायचंय."

"ऐकशील. तू आधी ते सूप संपव."

मला त्या क्षणी मर्विन फार आवडला. मी घरी जाताना रस्ताभर त्याचं कौतुक करत होतो.

बंद सुरू झाला तेव्हा मी सगळ्या फिटरना कापायच्या खोलीत बोलावलं. एक गोष्ट त्यांच्या डोक्यात खिळ्याने ठोकल्याशिवाय मला चैन पडणार नव्हती. आमच्याकडे एक जुनी रीत होती, तिला "शेवटचा हात" म्हणायचे. फ्लँज थंड असताना आवळायची, मग नळात वाफ सोडायची, आणि नळ चांगला तापला की ज्याने जोडलं त्यानेच परत जाऊन प्रत्येक बोल्टला थोडा थोडा पीळ द्यायचा. करडी शीट तापल्यावर बसायची, बोल्ट सैल पडायचे, म्हणून ही रीत. जो शेवटचा हात न देता घरी जायचा, त्याला चहाच्या टेबलावर जागा मिळायची नाही. बाप मुलाला हेच शिकवायचा. यापही हेच मानायचा.

हिरव्या शीटला नेमकं हेच मारक. तिच्यातलं रबर तापलं की भाजून कडक होतं, पावाच्या कडेसारखं. मग वरून दाबलं की ती बसत नाही, तडकते. मी एक तुकडा भट्टीत भाजून आणला होता. सगळ्यांसमोर तो हाताने मोडला. कट्ट करून आवाज झाला.

"थंड असतानाच आवळायची," मी म्हणालो. "थोडा वेळ थांबायचं, थंडच पुन्हा एकदा बघायचं, आणि मग हात काढायचा. एकदा तापली की देवानेही बोल्टला हात लावायचा नाही. कळलं?"

"देवाला कुठे युनियनचं कार्ड आहे?" मागून मर्विन. सगळे हसले.

"मर्व, मी गंमत करत नाहीये."

"नाही लावणार रे बाबा हात. डॉक्टरांचा हुकूम."

मॅकिलपने तोच नियम कागदावर लिहून दारावर लावला आणि खाली एक ओळ आपली घातली: वाफ चालू असताना बोल्टला पाना लावणारा कामावरून जाईल. ते धाकासाठी नव्हतं. आदल्या वर्षी दारावरचा असाच दुसरा एक नियम मोडला म्हणून एकाला काढलंही होतं, आणि तोही वयस्कर होता.

ओळ चालू करायची ती सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. नदीवरून वारा येत होता. मी प्रत्येक फ्लँजपाशी फिरलो. भट्टीकडची अभ्रकाची बसली. काळी तर अशी चिकटून बसली की मला तिची पाठ थोपटावीशी वाटली. हिरव्याही कोरड्या होत्या, एक थेंब नाही. वाफ पूर्ण चढली, नळ कुरकुरून ताणले गेले, शांत झाले. मॅकिलपने हातमोजा काढून माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आत्ता धावत जाऊन यापच्या घरी फोन लावावा. पण म्हटलं, संध्याकाळपर्यंत टिकू दे. तोंडचं पाणी पळवणाऱ्या बातम्या आमच्या घरात आधीच पुष्कळ येऊन गेल्या होत्या.

जेवणाची सुट्टी होती. मी कपडे बदलायच्या खोलीत सँडविच उघडलं होतं आणि बाहेर आवाज झाला. स्फोट म्हणत नाहीत त्याला. जाड कापड कुणीतरी एका हिसक्यात टरकवावं तसा, आणि मग वाफेची किंचाळी जी थांबतच नाही.

मी धावत पोचलो तोवर मर्विनला दोघांनी वाफेतून ओढत बाहेर आणलं होतं. कोटाच्या बाह्या त्याच्या हाताला चिकटल्या होत्या. तो ओरडत नव्हता. त्याचं तोंड उघडं होतं आणि तो माझ्याकडे बघत होता. मला ओळखत होता की नव्हता, सांगता येत नाही.

वाफ बंद केल्यावर मी फ्लँजपाशी गेलो. खाली जाळीवर त्याचा पाना पडला होता. बोल्टांच्या नटांवर ताज्या चकाकत्या खुणा होत्या, तीनवर. चौथ्याला तो पोचला नव्हता. गॅस्केट मधोमध तडकली होती, कडा धारदार, अगदी मी भाजून मोडलेल्या तुकड्यासारख्या. यात कोडं काहीच नव्हतं. शब्द दिला होता म्हणून तो जेवण सोडून आला आणि त्याने शेवटचा हात दिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते याच माणसासाठी कुणीतरी म्हटलं असावं. मला त्याचा इतका राग आला की मी त्या नळाला लाथ मारली. मग मी पाना उचलला आणि माझ्या अवजारांच्या पेटीत तळाशी टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात मला पाच मिनिटं मिळाली. कोपरापासून बोटांपर्यंत दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत. छातीवरही. त्याची बायको बाहेर कॉफीच्या मशीनसमोर उभी होती आणि कॉफी घेत नव्हती.

"डर्क," तो म्हणाला. आवाज औषधाने जड झाला होता. "फाटली रे तुझी हिरवी."

"हो."

"मला आधीच वाटलं होतं, बसायला लागली असणार. गेलो. तीन आवळले. चौथ्याला हात घातला आणि गेली." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "दहा मिनिटं आधी गेलो असतो ना, तर वाचली असती. तो फिटर बिल डोनट घेऊन बसला आणि मी गप्पांत अडकलो. यापला सांग, मी गेलो होतो. मी हात दिला होता. मग फाटली."

मी त्याच्या पलंगाच्या दांडीला धरून उभा होतो. त्याला अजूनही कळलेलं नव्हतं. त्याच्या मते त्याने माझी शीट वाचवायला स्वतःचे हात दिले होते, आणि शीटच कमी पडली.

"सांगतो," मी म्हणालो.

"फिटर म्हणून हे हात आता..."

"गप्प बस. झोप."

दुपारी मॅकिलपने बोलावलं. दार लावून घेतलं. तो खरंच पांढराफटक पडला होता.

"एकच विचारतो," तो म्हणाला. "ती तापल्यावर तिला कुणी हात लावला होता का?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. हो, एवढंच म्हणायचं. पाना दाखवायचा, नटांवरच्या खुणा दाखवायच्या, तडकलेली कड दाखवायची. शीट निर्दोष सुटली असती, करडी त्याच आठवड्यात कचऱ्यात गेली असती, आणि यापला हवं ते ऐकायला मिळालं असतं. मर्विन मात्र पट्ट्यांत गुंडाळलेला, नोकरीतून काढलेला, आणि वर एक गोष्ट कळलेली: हे आपणच केलं. दवाखान्यातून निघाल्यापासून मी हेच घोळवत होतो. जळलेल्या माणसाला तू स्वतःच स्वतःला जाळलंस हे ऐकवायचं? आणि ज्याच्यासाठी त्याने हे केलं, त्याच्याच भावाने ऐकवायचं?

"नाही," मी म्हणालो. "गॅस्केट फाटली."

"मर्विन तिथे काय करत होता मग?"

"बघत होता. त्याने यापला शब्द दिला होता."

मॅकिलपने मला निरखून पाहिलं. त्याला संशय होता, नाही असं नाही. पण शीट बदलणं त्याला कधीच मनापासून नको होतं, आणि मी त्याला हवं तेच दिलं होतं.

"मग करडी लावा," तो म्हणाला. "हिरवी जिथे जिथे आहे, सगळीकडे."

"काळी लावू द्या. मी मागवतो."

"महिना लागेल, तोवर ओळ बंद ठेवू? वरचे मला जिवंत सोडतील? आणि डर्क, मी आधीच म्हटलं होतं, पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

स्टोअरमधून करडीचा गठ्ठा मीच ओढत आणला. मदतीला दोघं आले, त्यांना मी दारातूनच परतवून लावलं. एक हळूच म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, डॉक्टर. शेवटी जुनं ते सोनं." मी दार आतून लावलं. शीट पाण्याने भिजवली, मास्क चढवला, आणि सुरी लावली. भिजवलं तरी कड घासताना बारीक काहीतरी उडतंच. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि त्यात ते तरंगताना दिसत होतं. रागाने मी सुरी नको तितकी दाबत होतो आणि तरीही चकत्या बिनचूक गोल निघत होत्या. अशी गुणी शीट ती. संध्याकाळपर्यंत मी ढीग कापला. एकही फुटली नाही, हे नंतरचं. आजतागायत कोरड्या आहेत.

घरी जाऊन मी अंग घासून धुतलं, कपडे बदलले, आणि यापकडे गेलो. त्याच्या गळ्याशी हाडं वर आली होती. नेली खिडकीशी काहीतरी विणत होती. टाळाटाळ करायची असं मी ठरवून गेलो होतो, पण त्याने तोंड उघडायलाच वेळ दिला नाही.

"फुटली ना?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. काल तुझा फोन आला नाही." त्याने दम घेतला. "माणूस?"

"मर्विन. हात भाजलेत. जगेल."

यापने डोळे मिटले. त्याचा श्वास गाळणीतून ओढल्यासारखा येत होता. मग डोळे न उघडताच तो म्हणाला, "त्याने शेवटचा हात दिला."

मी त्याची घसरलेली उशी वर सरकवली.

"मीच त्याला म्हटलं, बघ. मर्विनला बघ म्हटलं की तो हात देणारच. मला कळायला हवं होतं." त्याच्या मिटल्या पापण्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. आमच्या बापाच्या अंत्यविधीलाही जो रडला नव्हता, तो माझा भाऊ. "मॅकिलपला सांगितलंस?"

"नाही."

"मर्विनला?"

"त्याला वाटतंय, तो दहा मिनिटं उशिरा गेला."

"असू दे. तसंच असू दे." त्याने माझा हात शोधला आणि धरला. पकडीत काही उरलं नव्हतं. "म्हणजे करडी राहिली."

"राहिली, याप."

"कोण कापतंय?"

"आज मी कापली."

"ओली करून?"

"ओली करून. मास्क लावून. दार बंद करून."

तो विचार करत होता, ते मला दिसत होतं. विचार करायलाही त्याला दम जमवावा लागत होता.

"ती खोली दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, डर्क," तो म्हणाला. "एकही पोरगा आत घेऊ नकोस. करडी आहे तोवर तूच काप."

नेलीच्या सुया थांबल्या. "याप! तू त्याच्याकडे काय मागतोयस, कळतंय का तुला?"

"मला नाही कळणार, तर कुणाला कळणार?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणावं, असं तिला वाटत होतं. मलाही वाटत होतं. मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि मला मरायचं नव्हतं.

"नाही देणार," मी म्हणालो.

यापने मान हलवली आणि माझा हात सोडला. नेली उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे तिने नळ सोडला आणि तो बराच वेळ तसाच वाहत राहिला.